लंका आमच्या गावची

त्या दिवशी पारावर कोन कोन व्हतं ते आधी सांगते. मागून कोनी म्हनायला नको की मी तिथं न्हवतो म्हनून. तंटामुक्तीचा अध्यक्ष बापूराव व्हता, पिंपळाला पाठ लावून. शाळेचे देशमाने गुर्जी व्हते, खुर्चीवर. ते खाली बसत न्हाईत, पँट मळती. लंकाचा सख्खा चुलता मारोती व्हता. किराना दुकानवाला नंदू व्हता, तोंडात पुडी धरून. किसनतात्या व्हते, पन त्यांला ऐकू येत न्हाई, त्यांला मी सोडून देते. आन् सहावी मी. दळन घेऊन चालले व्हते, डोक्यावर टोपलं, म्हनून उभी ऱ्हायले. गावाचं नाव लिवत न्हाई. लिवलं तर उगं गावाची इज्जत वाढायची.

लंका म्हंजी मेंढरावाल्या बिराची पोरगी. आज्जीचं नाव ठिवलं व्हतं तिला. गावाच्या कडंला त्यांची येक पत्र्याची खोली, सालातले आठ म्हैने तिला कुलूप. दिवाळी झाली की बिरा, बायको, मेंढरं, घोडं, कोंबड्या, समदा वाडा निघायचा. आज झरीच्या शिवारात, उद्या पाथरीकडं. ज्याच्या रानात मेंढरं बसवली त्यो जवारी द्यायचा, लेंड्यानं त्याचं रान कसाला यायचं. माह्या तीन एकरात बी बसायची. लंका सहा वर्षाची असंल, तवा बिरा तिला हाताला धरून माह्या दारात आला.

"मोठीमाय, ही शाळेचं नाव घेऊन रडायलीय. हिला तुझ्यात ठिव."

"मपल्या घरात काय हाय बाबा? चटनी-भाकर हाय."

"आमच्यात तीबी चालता चालता खायची," बिरा म्हनला.

तवापून बारा वर्षं लंका माह्या घरात झोपली. हे ध्यानात ठिवा, फुडं लागंल.

काळी, काटकुळी पोर. तिचं येक खोड व्हतं. बोलताना मानसाच्या डोळ्याकडं बघत न्हवती, तोंडाकडं बघायची. व्हट कसे हालत्यात, जीभ कुठं लागती. लोकांला राग यायचा. नंदू म्हनायचा, "ए लंके, माह्या दातात काय अडकलंय का?" ती म्हनायची, "हो, सुपारी."

आन् दुसरं, तिला काय इचारलं की ती सांगायची. खरं असंल ते. शेजारीन इचारायची, "काय कालवन केलंय गं आज?" आपन म्हनतो, हाय काईतरी. ही म्हनायची, "कायबी न्हाई. मिरची आन् पानी." मला लाज वाटायची. मी म्हनायची, "अगं, थोडं झाकावं मानसानं." तर म्हनायची, "इचारलं की सांगायचं, मोठीमाय. ऐकायचं नसंल तर इचारू ने."

मला म्हाईत व्हतं सांगितल्यानं काय व्हतं ते. माह्या तरुनपनी खाकीतले दोघं दारात आले व्हते. "नवरा हाय का घरात?" मी म्हनलं, "हायेत की, जेवायलेत." त्यांनी ताटावरून उठवून नेलं. कोनाच्या तरी शेळ्या गेल्या व्हत्या, कोनी तरी ह्यांचं नाव घेतलं व्हतं. चवथ्या दिशी आले ते वाकून चालत आले. शेळ्या मागून मालकाच्याच पाव्हन्याकडं निघाल्या. ह्ये त्याच साली गेले. तवापून माह्या घरात येक नेम. खाकी दिसली की म्हनायचं, मला ठाऊक न्हाई. लेकाला शिकवलं, सुनंला शिकवलं. लंकाला बी शिकवलं. समदं शिकली ती पोर, तेवढं शिकली न्हाई.

बारावी झाल्यावर बापाला घेऊन परभनीहून रेल्वेनं हैद्राबादला गेली. तिथं भाषांचं मोठं विद्यापीठ हाय म्हनं. तिला इंग्रजी शिकायची व्हती. जागा भरल्या व्हत्या. खिडकीतला मानूस म्हनला, फ्रेंचच्या ऱ्हायल्यात. बिरानं इचारलं, "ते काय असतंय?" लंका म्हनली, "भाषा असंल, बा. भर फारम." मागून मला म्हनली, "आपन बाजार उठायच्या टायमाला भाजीला जातो न्हाई का, तसंच."

त्या भाषेत र म्हनताना नरडं घासावं लागतं. मोठ्या घरच्या पोरी खोकून खोकून बेजार झाल्या, कोनाला जमंना. ही पयल्याच आठवड्यात बोलली. शिकवनाऱ्या बाईनं इचारलं, कुठं शिकलीस?

"मेंढरं वळवताना," ही म्हनली.

वर्ग हसला. बाई म्हनल्या, वळवून दाखव. हिनं भर वर्गात उभं राहून नरड्यातून हाळी काढली. बाई म्हनल्या, समद्यांनी हिच्याकडून शिका. त्या दिवसाचं सांगताना लंका लय हसायची. मग येकदा मधीच म्हनली, "पन खोलीतल्या पोरी म्हनत्यात, घोंगडं बाहीर ठिव, वास येतो."

"मग? ठिवलंस?"

"न्हाई ठिवलं. मोठीमाय, पुस्तकात त्या देशातल्या मेंढरावाल्यांचा धडा हाय. उन्हाळ्यात कळप घेऊन डोंगर चढत्यात. समद्या पोरी त्यो धडा किती गोड मानून पाठ करत्यात. घोंगडं मातर बाहीर."

सुट्टीला आली की माह्याच घरी यायची, बापाचा वाडा कुठं असंल त्याचा पत्ता नसायचा. घरभर कागदं चिकटवायची, भाताच्या शितानं. दारावर येक, चुलीवर येक, रांजनावर येक. वर त्यांची अक्षरं, खाली आपली, मला वाचता यावं म्हनून. मी तिसरी शिकलेली. भाकरी थापता थापता मला पयला धडा तिनं शिकवला. तू कुठली? मी अमक्या गावची. येवढाच धडा.

मी म्हनलं, "येवढं शिकायला हैद्राबादला गेलीस व्हय?"

"कोनच्या बी भाषेचा पयला धडा हाच असतो. आधी गाव सांगायचं. मग फुडचं समदं."

येका दिवाळीला तिनं चांदीच्या कागुदात गुंडाळून कायतरी आनलं. बाईंनी दिलेलं, त्या देशातून आलेलं, मेंढीच्या दुधाचं. उघडलं तर घरात कायतरी मेल्यावानी वास. वर हिरवी-निळी बुरशी. माझी सून पदर लावून बाहीर पळाली. बिरा आला व्हता, त्यानं हुंगलं, बोटावर घेऊन चाटलं आन् म्हनला, "आपल्याच मेंढीचं हाय. फकस्त लय दिस ठिवलंय." मी बी खाल्लं. डोळ्याला पानी आलं, पन गिळलं. पोरीनं रातभर रेल्वेत आन् मग यष्टीत मांडीवर धरून आनलेलं, थुकायचं कसं? ती माह्या तोंडाकडं बघत व्हती.

"कसं लागतंय?"

"वाईट," मी म्हनलं.

लंका टाळी वाजवून हसली. "आता शिकलीस मोठीमाय! इचारलं की सांगायचं!"

पंधरावी पास झाली ती पयल्या नंबरानं. पेपरात बारकं नाव आलं. मग गावाला जाग आली. बापूरावानं सत्कार ठिवला. फ्लेक्स लावला, त्याच्यावर बापूरावाचा फोटू दुरडीएवढा आन् लंकाचा तिकिटाएवढा. शाल दिली, नारळ दिला. गुर्जींनी भाषन केलं, ही माझी विद्यार्थिनी, मी हिला घडवलं. मग बापूरावानं माईक धरला. "आता लंकाबाईंनी गावाला सांगावं, ह्या फ्रेंचचा आपल्या गावाला काय उपेग?"

आता आपन असतो तर म्हनलो असतो, तुमचा आशीर्वाद असू द्या. लंकानं माईक घेतला.

"गावाला फ्रेंचचा कायबी उपेग न्हाई," ती म्हनली. "पन तुमी इचारलं म्हनून सांगते. शाळंत पोरींच्या मुतारीला दार न्हाई. मी सातवीत व्हते तवा बी न्हवतं. आत पाय ठिववत न्हाई येवढी घान हाय. पोरी दिसभर पानी पीत न्हाईत. दाराला फ्रेंच लागत न्हाई."

बायांनी पदरात तोंड घातलं. गुर्जी बुटाकडं बघायले. बापूराव हसला, पन नुसत्या दातानं. मी तवाच वळखलं, ह्याच्या पोटात गेलं.

चुलत्याचं वेगळंच. मारोतीनं तिला आपल्या मेव्हन्यासाठी ठरवली व्हती. गडी गंगाखेडला कारखान्यावर ट्रॅक्टर हाकायचा, पयली बायको नांदली न्हवती. मारोती माह्या वसरीवर येऊन बसला. "लंके, ठरवलंय आमी."

"मला इचारलं न्हाई तुमी, काका."

"बरं, आता इचारतो."

"न्हाई."

येवढ्या येका शब्दात पाव्हनपन मोडलं. मारोती चहा न पिता उठला.

मग सतरावी करताना तिला त्या देशातून बोलावनं आलं. तिथल्या शाळंत येक साल लेकरांला शिकवायचं, पगार मिळनार, ऱ्हायला खोली मिळनार. दोनशे पोरांतून हिला निवडलं का किती ते मला म्हाईत न्हाई, पन निवडलं व्हतं. बिरानं रानातून मला फोन केला. त्याच्या फोनात मेंढरंच वरडायली.

जायचं तर पासपोर्ट लागतो. पासपोर्टाला गावात चौकशी लागती. ठरल्या दिसाच्या आत पासपोर्ट दाखवला न्हाई तर जागा दुसऱ्याला. लंकाची तवा परीक्षा चालू व्हती, ती येऊ शकत न्हवती. म्हनून तिनं फोन केले. गुर्जींला सांगितलं, पोलीस येतील, साक्ष लागंल. चुलत्याला बी तसंच सांगितलं. दोघं म्हनले, हो हो, काळजी करू नको. आन् मला म्हनली, "मोठीमाय, माझी इचारपूस करायला येक मानूस येईल. म्हनंल, लंका इथली का? तू हो म्हन."

"येवढंच?"

"येवढंच. पयला धडा."

पोलीस म्हनली न्हाई. मानूस म्हनली. पोलीस म्हनलं असतं तर मी आठ दिस जेवले नसते, हे तिला ठाऊक व्हतं. जिनं जनमात कायबी झाकलं न्हाई, तिनं तेवढंच येकदा झाकलं, माह्यासाठी. मी चार दिस वाट बघितली. माह्या मनात मानूस म्हंजी पिशवीवाला, चष्मेवाला, तलाठ्यासारखा.

पाचव्या दिशी दळन घेऊन पारापाशी उभी ऱ्हायले, तर आली ती फटफटी. खाकी. पोरगाच व्हता, घामानं भिजलेला, हातात कागुद. वाईट बोलला न्हाई, उगं कशाला खोटं सांगू.

"बिराची मुलगी लंका. या पत्त्यावर राहते का? चौकशी आहे."

बापूराव म्हनला, "बिराच्या खोलीला कुलूप हाय साहेब. जाऊन बघून या."

"कुलूप बघितलं. राहते की नाही ते सांगा."

"आता ऱ्हाते तरी कसं म्हनावं? आज झरी, उद्या पाथरी. मेंढरामागची मानसं."

नंदूनं पुडी गालात सारली. "लंका समिंदराच्या पल्याड असती साहेब. इथं कुठं हुडकायलात?" समदे खी खी हसले.

पोलीस गुर्जींकडं वळला. "गुरुजी, तुमच्या शाळेत होती का?"

सात वर्षं शिकवलं त्या मानसानं. माईकवर म्हनला व्हता, मी घडवलं. आता चष्मा पुसायला. म्हनला, "रजिस्टर बघावं लागेल. आज सुट्टी आहे."

"तुम्ही नातेवाईक का?" पोलिसानं मारोतीला इचारलं.

"लांबचे," मारोती म्हनला. येका आईच्या पोटचे दोघं भाऊ, आन् लांबचे.

मग त्यो पोरगा माह्याकडं बघायला. "आजी, तुम्ही तरी सांगा. ही मुलगी इथं राहते का?"

मला त्याचं तोंड दिसलं न्हाई. नुसतं खाकी दिसलं. ताटावरून उठलेला मानूस दिसला. माझी पोर काय करून बसली, हिला न्यायला आलेत, येवढंच डोक्यात.

"मला ठाऊक न्हाई," मी म्हनलं.

"ओळखता का तिला?"

"न्हाई."

त्यानं कागदावर लिवलं. फटफटीला लाथ मारली आन् गेला.

त्यो वळनावर जायच्या आत बापूराव मला म्हनला, "शाब्बास मोठीमाय! लय शानी निघालीस." आन् मारोती मांडीवर थाप मारून म्हनला, "बसंल आता गप. पासपोर्टच न्हाई तर कुठं उडती?"

तवा मला कळलं.

टोपलं माह्या हातानं पडलं का डोक्यावरून, ध्यानात न्हाई. पीठ समदं मातीत. मी फाट्यापर्यंत पळाले, ह्या वयात, चप्पल टाकून. नुसता धुराळा व्हता. दुसऱ्या दिशी लेकाला न सांगता परभनीला गेले, इचारत इचारत हापिस गाठलं. खिडकीतली बाई म्हनली, "रिपोर्ट वर गेला आजी. आता मुलीनंच पुन्हा अर्ज करायचा." लंकानं केला. पासपोर्ट आला बी. पन तोवर दिस निघून गेले, जागा दुसऱ्या कोनाला दिली.

त्या बुरशीच्या दुधाची किळस मला घटकाभर आली व्हती, पानी पिलं आन् गेली. पारावरल्या मानसांची किळस जायना. बापूरावाचा रामराम आला की तोंडात पित्त येतं. नंदूच्या दुकानातून मी मीठ बी घेत न्हाई, झरीहून आनते. गुर्जींचा निरोपसमारंभ झाला, त्यांला शाल दिली, मी दार लावून घरात बसले. त्यो सत्काराचा फ्लेक्स आता बापूरावाच्या कडब्यावर झाकलाय, लंकाचं तोंड खालच्या अंगाला. मुतारीला अजून दार न्हाई. त्यांची किळस येती ती येती. पन येक हाय. त्यांनी खोटं बोलून डाव साधला. मला कोनी सांगितलं न्हवतं खोटं बोल म्हनून. चूळ भरताना मला मपल्या तोंडाची बी किळस येती.

परीक्षा झाल्यावर लंका आली. पाठीवर पिशवी, हातात तेच घोंगडं. पारावरून आली, कोनाकडं बघितलं न्हाई. घरात बसली, पानी पिली. मग इचारलं, "मोठीमाय, त्यानं तुला इचारलं का?"

"इचारलं."

"मग?"

मी झाकलं न्हाई. "मी म्हनलं, ठाऊक न्हाई. दोनदा."

ती माह्या तोंडाकडं बघत बसली. मला वाटलं वरडंल. वरडली असती तर बरं झालं असतं.

"खाकीत व्हता म्हनून," ती म्हनली.

"हो."

"मीच सांगायला पायजे व्हतं." येवढं म्हनून तिनं परात फुडं वढली आन् पीठ मळायली.

भाकरी तिनंच केल्या. जेवताना चुलत्याचं नाव काढलं न्हाई, गुर्जींचं काढलं न्हाई. सकाळी उठून रांजन भरला. भिंतीवरले कागुद तसेच ठिवले. मी म्हनलं, "फाट्यापर्यंत येते." नको म्हनली न्हाई.

आता ती हैद्राबादलाच येका शाळंत फ्रेंच शिकवती म्हनं. बिरा सांगतो, वाडा माह्या रानात आला की. तोच जातो तिला भेटायला, ती गावाला येत न्हाई. मी तिला शेवटी बघितलं ते त्या दिशी, फाट्यावर, जीपमधी.

जीप भरलेली व्हती. येका म्हाताऱ्यानं सरकून तिला जागा दिली. लंका बसली, घोंगडं मांडीवर घेतलं. म्हातारा चांगला मानूस व्हता. आपल्याकडं जीपमधी बसलं की इचारत्यात तसंच त्यानं इचारलं, "कोन्या गावची गं माय तू?"

लंकानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मी खाली उभी, वाट बघायले. त्यानं परत इचारलं. तिनं मान वळवून रस्त्याकडं बघितलं. मग जीप निघाली.

वाचनाऱ्याला माझं येकच मागनं हाय. तुमच्या गावच्या पोरीचं कोनी इचारायला आलं, खाकीत येवो का धोतरात, तर डोक्यावरलं दळन खाली ठिवा आन् सांगा. हाय. आमच्याच गावची हाय.